व्हिएन्नातली शस्त्रक्रिया आणि पुढचे चार महिने

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या वालावलसारख्या गावात पोटाच्या कॅन्सरचं निदान झालं, की घरचे आधी एकच विचारतात, "कापून काढता येईल ना?" गाठ यकृतात पोचल्याचं कळलं, तरी प्रश्न तोच. प्रसंगी कलमांची बाग गहाण टाकायची तयारी असते. या प्रश्नाचा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे.

२९ जानेवारी १८८१. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी तेरेसे हेलर या ४३ वर्षांच्या बाईंच्या जठराचा रोगट भाग काढला. त्याआधी पॅरिसमध्ये पेआँ आणि पोलंडमध्ये रिडिगिएर यांनी हे धाडस केलं होतं. दोघांचेही रुग्ण दगावले. हेलरबाईंच्या पोटात अन्न ठरत नव्हतं, आंबट दुधावर त्या कशाबशा तगून होत्या. दीडेक तास शस्त्रक्रिया चालली, रेशमाचे सुमारे पन्नास टाके पडले. बाई जेवू लागल्या! युरोपभर बिलरोथ यांचा जयजयकार झाला. (हे गृहस्थ संगीतकार ब्राम्स यांचे जिवलग मित्र, स्वतःही उत्तम वादक.)

मे महिन्यात बाई वारल्या. टाके शाबूत होते; रोग यकृतात पसरला होता.

असं का होतं? जठरातलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून गाळून जातं. सुटलेल्या पेशी तिथेच अडकतात, रुजतात. एक गाठ दिसते तेव्हा न दिसणाऱ्या किती असतील, हे हातातल्या सुरीला कळत नाही.

१९४१ साली परळला टाटा रुग्णालय उघडलं. मूळचे गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी तिथे शल्यचिकित्सेत नाव कमावलं. भूल, रक्त, प्रतिजैविकं सुधारली, शस्त्रक्रिया निर्धोक होत गेली. मूळ पेच मात्र तसाच राहिला.

जपान आणि कोरियातल्या १७५ रुग्णांवरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग पसरलेला असताना आधी जठर काढून मग केमोथेरपी दिलेले रुग्ण, नुसती केमोथेरपी घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. जर्मनीतल्या चाचणीत आधी औषधं देऊन मग जठर आणि पसरलेल्या गाठीही काढल्या. २०२४ मध्ये निष्कर्ष आले. एकंदरीत फायदा दिसला नाही.

मग यकृताला हातच लावायचा नाही का? तसंही नाही. गाठ एकटीदुकटी असेल, रोग इतरत्र नसेल आणि औषधांनी तो आटोक्यात राहिला असेल, तर निवडक रुग्णांत तेवढा भाग काढण्याचा विचार होतो. रक्तस्राव थांबत नसेल किंवा अन्नाची वाट बंद झाली असेल, तर त्रास कमी करण्यासाठीही शस्त्रक्रिया करतात. म्हणून बाग गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना विचारावं, ही शस्त्रक्रिया यांपैकी नेमकी कशासाठी?