पांढरीची माती

आमच्या घोडनदीच्या काठाला जमिनीचे रंग दोन. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. गाव उठलं तरी त्या जागेचं पांढरेपण जात नाही. शेकडो वर्षांची चुलीतली राख, शेण, हाडं, कुजलेला पाचोळा आणि पावसात वितळलेल्या भिंती एकावर एक बसतात नि त्यांचं टेकाड होतं. अशा टेकाडाला आमच्याकडं 'पांढरी' म्हणतात. त्यावर बाभळी माजतात, पोरं शेरडं चारतात, पावसाळ्यात खापरं नि मणी उघडे पडतात. नाहीतर त्याच्याकडं कुणी बघत नाही.

बघतात ते मातीसाठी. पांढरीची माती चिवट. धाब्यावर पसरून चोपली की पाणी आत येत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस गाड्या जुंपून लोक ती आणायचे. काहीजण खत म्हणून रानात टाकायचे. पुढं ट्रॅक्टर आले. जे टेकाड तीन पिढ्यांत बैलगाडीला सरलं नव्हतं, ते ट्रॉल्यांनी चार उन्हाळ्यांत सपाट होऊ लागलं. घोड आणि भीमेच्या काठच्या अशा किती पांढऱ्या धाब्यांवर चढल्या आणि किती उसाखाली गेल्या, याचा हिशेब कुठं लिहिलेला नाही.

एका पांढरीचा हिशेब मात्र लिहिलेला आहे. शिरूर तालुक्यातलं इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं हंगामामागून हंगाम उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९८८ साली निघाला. ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमाराला घोडच्या उजव्या काठावर लोक वस्तीला आले आणि ख्रिस्तपूर्व ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षं, राहिले. शिवरायांच्या जन्माला अजून चारशे वर्षंही पुरी झालेली नाहीत, यावरून नऊशे वर्षांचा अंदाज करावा.

माझे थोरले चुलते तिथं दोन हंगाम मजुरीनं होते. ते हसून सांगायचे, "कुदळ असून खुरप्यानं खांदायचं, खुरपं असून कुंचल्यानं झाडायचं. पोतंभर मातीला दिस जायचा. पण रोजगार रोख." काय सापडलं असं विचारलं की म्हणायचे, "घरं." सोनंनाणं नाही, देऊळ नाही, राजवाडा नाही. नुसती घरं. शंभरावर घरांच्या खुणा तिथं उघड्या झाल्या आणि सगळी मातीची.

शाळेत प्राचीन कला आणि वास्तुकला म्हणून आम्ही जे शिकलो त्यात इजिप्तचे पिरॅमिड होते, मोहेंजोदडोचं स्नानगृह होतं. इनामगावात लोक नांदत होते त्याच शतकांत नाईलकाठी दुसरा रामसेस अबू सिंबेलचा डोंगर कोरून स्वतःच्या मूर्ती उभ्या करत होता, ग्रीसमध्ये मायसीनीच्या वेशीवर दगडी सिंहिणी बसत होत्या. त्या पुस्तकात घोडकाठच्या कुडाला कुठून जागा मिळणार? माझ्याही मनात वास्तुकला म्हणजे दगड, हेच बसलं होतं. नोकरीनिमित्त पुण्यात येरवड्याच्या बाजूला राहायला आलो आणि एका सुट्टीच्या दिवशी डेक्कन कॉलेजच्या त्या जुन्या काळ्या दगडी इमारतीत, तिथल्या संग्रहालयात गेलो. १८६८ साली उभी राहिलेली ती इमारत बाहेरून इंग्रजी थाटाची, आणि आत आमच्या घोडकाठची खापरं. त्यानंतर इनामगावावर मराठीत जे हाती लागलं ते वाचत गेलो. वाचताना ध्यानात यायचं, की यातलं निम्मं आपल्याला आधीच ठाऊक आहे.

आता घरच घ्या. भरभराटीच्या काळातली इनामगावची घरं लांबट चौकोनी. ठेंगणी मातीची भिंत, तिच्यावर काठ्या नि कामट्या विणून दोन्ही अंगांनी लिंपलेला कूड, वर गवताचं छप्पर. हे तीन हजार वर्षांनी कसं कळलं? लाकूड कुजून गेलं, पण मेढ पुरलेला खड्डा राहिला. त्या खड्ड्यातली माती भोवतीच्या मातीहून मऊ नि काळसर. एकेक खड्डा मांडत गेलं की घराचा नकाशा पायाखाली उमटतो. कुठं घर जळालं असेल तर लिंपणाचं ढेकूळ भाजून पक्कं होतं आणि त्याच्या पाठीवर कामटीचा ठसा राहतो. जमीन चोपून, सारवून केलेली. घरं ओळीनं, मध्ये बोळ. आत चूल, धान्याची बळदं, आणि मातीचे गोल ओटे.

हे गोल ओटे कशाला, असं आमच्या आईला विचारायची गरज नव्हती. कणगी जमिनीला टेकली की घुस लागते, ओल चढते. म्हणून खाली ओटा. काही घरांत चार चपटे दगड चौकोनात मांडलेले निघाले. चार पायांचा मोठा मातीचा रांजण, त्याच्या एकेका पायाखाली एकेक दगड. आमच्या माजघरात कोठीच्या चार पायांखाली चार दगडच होते. ढवळीकरांसारख्या संशोधकांनी खणताना आजूबाजूच्या चालत्या गावांतली घरंही न्याहाळली, म्हणून तर त्यांना या वस्तूंचा उलगडा झाला. माझ्या मते या उत्खननाचं खरं थोरपण तिथं आहे.

भांड्यांबद्दल मात्र आमच्या गावानं मान खाली घालावी. नगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झालं, त्यावरून या भांड्यांना 'जोर्वे' भांडी म्हणतात. नेवासे, दायमाबाद, आपल्या पुणे जिल्ह्यातलं चांडोली, सगळीकडं हीच घडण. चाकावर घडवलेली, पातळ, तांबडी, वर काळ्या रंगात आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी. मोडत्या अंगाचे वाडगे आणि लांब तोटीची भांडी. भट्टी इतकी नेमकी, की खापराला टिचकी मारली तर धातूसारखा आवाज निघतो. आमच्या लहानपणी बलुत्यात येणारं मडकं चांगलं होतं, पाणी गार ठेवायचं, पण असं वाजत नव्हतं. इनामगावात मोठी गोल भट्टीही सापडली. कारागिरांची घरं वस्तीच्या पश्चिमेच्या कडेला, खात्यापित्या शेतकऱ्यांची मधोमध. बलुतेदारांच्या आळ्या कडेला कधीपासून, असा प्रश्न कुणाला पडत असेल तर उत्तर बरंच मागं जातं.

तांबं होतं, पण लांबून यायचं, म्हणून जपून वापरायचं. रोजची पाती गारगोटीच्या जातीच्या दगडाची. खापरावर एकानं बैलगाडी ओरखडून ठेवली आहे. दोन बैल, जू, गाडी. सुबक नाही. दुपारच्या वेळी हाताला चाळा म्हणून काढावी तशी. रामसेसच्या मूर्तीपुढं ती काहीच नाही, पण रामसेसनं स्वतः छिन्नी धरली नव्हती. इथं ज्यानं गाडी हाकली असेल त्यानंच ती काढली असेल, असं मला वाटतं.

एका घराच्या जमिनीखाली मातीची लांबट डबी सापडली. झाकण लावलेली. आत एक बाईची मूर्ती, मस्तक नसलेली. डबीवर दुसरी मूर्ती, तिला डोकं आहे, आणि एक बैल. सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. बिनमस्तकाच्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक. मध्ये काडी घातली की बाई बैलावर बसते. ती देवी असावी आणि घरातल्या लेकराबाळांच्या रक्षणासाठी पुरली असावी, असा तर्क. भट्टी एवढी हुकमी असलेल्या गावात देवी कच्चीच का? ज्यांच्या घरी पोळ्याला मातीचे बैल होतात त्यांना हे कोडं पडत नाही. देवाचं काम झालं की मातीची माती व्हायची असते. ती टिकावी म्हणून केलेलीच नव्हती. पुरली गेली म्हणून टिकली.

आईला मी एकदा त्या संग्रहालयात नेलं. गुडघे धरून जिना चढली. भांडी बघितली, "घडणावळ चांगली हाय" म्हणाली. मग दफनाच्या कुंभांपाशी आली. इनामगावात लहान मूल गेलं की दोन कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून, त्यात मूल ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. सापडलेल्या दफनांत मुलांचीच जास्त. आई बराच वेळ उभी राहिली.

"पोटात ठेवल्यावानी ठेवलंय की रं," ती म्हणाली. मग, "कुणाचं म्हणं?"

मी सांगितलं, तीन हजार वर्षं झाली, कुणाचं ते कसं कळणार?

"मग काय झालं? कुणाचं तरी असंलच की."

माझ्या पाठीवरची एक बहीण अकराव्या दिवशी गेली होती. तिला ओढ्याच्या कडेला पुरलं होतं, दगडाची खूणसुद्धा नव्हती. ऊस लागला तेव्हा ओढा सरकवला. आई त्यावर कधी बोलली नाही, तेव्हाही बोलली नाही. पण बाहेर पायरीवर बसल्यावर म्हणाली, "घरात ठिवत्याली ती बायामाणसं शानी व्हती." आमच्याकडं बाळाची वार परसातच पुरतात. मूल मात्र गावाबाहेर न्यायचं, असा रिवाज. मध्ये कुठल्या शतकात हा उंबरा ओलांडला गेला, कोण जाणे.

मोठ्या माणसाला उताणं, उत्तर-दक्षिण निजवायचे आणि पावलं घोट्यापासून तोडायचे. अंगावर काटा येतो. गेलेल्यानं उठून जाऊ नये म्हणून, असा अर्थ लावतात. आमच्या घरी आजोबा गेले त्या रात्री दिव्याखाली पीठ पसरून सकाळी कुणाची पावलं उमटली ते बघितलं होतं. मेलेल्याच्या पावलांची धास्ती जुनी आहे.

एका माणसाची पावलं मात्र तोडली नव्हती. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्याचं कोठार. त्या घराच्या आवारात चार पायांचा, मोठ्या पोटाचा मातीचा रांजण पुरलेला. आत गुडघे दुमडून बसवलेला पुरुष. हे गावच्या मुख्याचं घर असावं. कोठार त्याच्याच दाराशी, म्हणजे धान्य गावाचं आणि किल्ली त्याच्याकडं. नदीच्या पुराचं पाणी वळवायला गावानं दगडमातीचा बांध घातला होता आणि सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद चर खोदला होता. त्यावर जव, मसूर, वाटाणा निघायचा. मला विचाराल तर इनामगावची सगळ्यात मोठी वास्तू हीच. चर एका घराचं काम नव्हे. त्याला पाळ्या लागतात, भांडणं मिटवणारा लागतो. आमच्या पाटाच्या पाळ्यांवरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमाराला पाऊस हटला. ते खापरांवर दिसतं, हाडांवर दिसतं, घरांवर तर फारच. भांडी ओबडधोबड झाली. शेती आखडली, शेळ्यामेंढ्या नि शिकार वाढली. लांबट चौकोनी घरं गेली आणि त्यांच्या जागी गोल, एवढ्याशा झोपड्या आल्या. गोल झोपडीला मेढी कमी लागतात, तुळई लागत नाही, एका दिवसात उभी राहते आणि सोडून जाताना जीव तुटत नाही. कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या कोप्या पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. उपाशी माणसाचं घर आधी आकार बदलतं. अशा झोपड्यांत त्यांनी आणखी तीनशे वर्षं काढली. मग गेले. चर गाळानं भरला, भिंती वितळल्या, पांढरी झाली.

त्यानंतर काहीशे वर्षांनी याच जिल्ह्यात, मावळात, भाज्याला आणि कार्ल्याला लेणी खोदली गेली. दगड आला. पण भाज्याच्या चैत्यगृहात उभं राहून खांब बघा. ते सरळ नाहीत, आतल्या अंगाला कललेले आहेत. डोंगर एकसंध आहे, खांब कलते ठेवायची काही गरज नाही. लाकडी मंडपात छपराचा रेटा पेलायला मेढी कलत्या पुरतात, तो हात दगडात आला. कार्ल्याला छताच्या कमानींना तर खरंखुरं लाकूडच बसवलं आहे, दोन हजार वर्षांचं. ज्या सुतारांनी नि कुडाच्या घरबांध्यांनी ही रीत घडवली, त्यांचं स्वतःचं एकही घर उभं नाही.

आमचा गोठा मोडायचं ठरलं तेव्हा मी गावी होतो. धाकट्याला तिथं स्लॅबचं घर बांधायचं होतं, पोराचं लग्न काढलं होतं, त्याचंही बरोबरच होतं. बाभळीच्या मेढी ट्रॅक्टरला साखळी लावून उपटल्या. सहा मेढींचे सहा खड्डे उरले, तीन-तीनच्या दोन ओळी, भोवतीच्या तांबड्या मातीत काळे. मी काठी घेऊन त्यांच्यातलं अंतर मोजू लागलो, तर धाकटा म्हणाला, "आण्णा, लाकडं मोज की, भोकं काय मोजतोस?" जेवणाच्या सुट्टीआधी मुरमाची पहिली ट्रॉली येऊन पडली.