बाळंतिणीच्या शुश्रूषेतील एक उपेक्षित अंग

बाळंतिणीची काळजी आपल्या घरांतून किती आस्थेने घेतली जाते, हे ज्ञातिभगिनींना सांगावयास नको. सव्वा महिन्याची विश्रांती, अंगाला तेल, शेकशेगडी, धुरी, पोटाला पट्टा, आहारात डिंक, अळीव व बाळंतशेपा ही सारी व्यवस्था वडीलधाऱ्या स्त्रियांनी पिढ्यानुपिढ्या जतन केली आहे. तथापि या व्यवस्थेत शरीराच्या एका भागाकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना खालून तोलून धरणारे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हा तो भाग होय. प्रसूतीच्या वेळी यांतील काही स्नायू आपल्या मूळ लांबीच्या सुमारे तिप्पट ताणले जातात. ते पुन्हा सशक्त झाले नाहीत, तर खोकताना वा शिंकताना लघवी सुटणे, ओटीपोटात जडपणा वाटणे आणि पुढे ‘अंग बाहेर येणे’ अशी दुखणी उद्भवू शकतात. विषय संकोचाचा आहे खरा. परंतु हा संकोचच या दुखण्याचा मोठा आधार ठरला असल्यामुळे, त्याचा थोडा इतिहास येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या पूर्वजांना ही दुखणी ठाऊक नव्हती असे नव्हे. आयुर्वेदात २० योनिव्यापदे, म्हणजे स्त्रीच्या जननेंद्रियांचे विकार, सांगितले आहेत. त्यांपैकी ‘महायोनि’ आणि ‘प्रस्रंसिनी’ यांची वर्णने या प्रकारच्या विकारांशी जुळतात. दुसरीकडे, याच तळाच्या स्नायूंचे आकुंचन करण्याची क्रिया हठयोग्यांना ‘मूलबंध’ या नावाने अवगत होती. पंधराव्या शतकातील ‘हठयोगप्रदीपिका’ या ग्रंथात तिचे वर्णन आहे. परंतु योग्याचे साध्य निराळे आणि बाळंतिणीची गरज निराळी. व्याधी वैद्यकाच्या ग्रंथात राहिली, क्रिया योगाच्या ग्रंथात राहिली, आणि ज्या बाळंतिणीला दोहोंचा मेळ हवा होता, तिच्या वाट्याला पोटाचा पट्टा तेवढा आला. पट्ट्याने पोटाला आधार वाटतो. तळाच्या स्नायूंना बळ मात्र येत नाही.

हा मेळ विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत घातला गेला. इंग्लंडमध्ये मार्गारेट मॉरिस या नर्तिकेने व्यायामोपचाराचेही शिक्षण घेतले होते. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील मिनी रँडेल यांच्या सहकार्याने गर्भिणी, बाळंतीण व शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांच्यासाठी व्यायामाचे पुस्तक त्यांनी १९३६ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर १९४८ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी या स्नायूंच्या व्यायामाविषयीचा आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. हा व्यायाम आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण आमच्या मते त्यांचे खरे श्रेय निराळेच आहे. नुसते तोंडी सांगितल्याने पुष्कळ स्त्रिया पोट किंवा नितंब आवळतात आणि मूळ स्नायू तसाच शिथिल राहतो, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी रबरी नळीने दाबमापकास जोडलेले एक साधन तयार केले. स्नायू योग्य रीतीने आवळला की दाबमापकाचा काटा हाले आणि आपण बरोबर करीत आहो की नाही, हे त्या स्त्रीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. केगेल यांनी व्यायाम तर सांगितलाच, पण तो शिकविण्याची रीतही दिली.

इकडे मुंबईतही या व्याधीचा विचार थोर शल्यवैद्य करीत होते. मूळचे गोमंतकातील शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) हे गर्भपात टाळण्यासाठी घालावयाच्या टाक्यामुळे जगद्विख्यात झाले. परंतु अंग बाहेर आलेल्या तरुण स्त्रियांचे गर्भाशय न काढता ते वर बांधून घेण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी प्रचारात आणली. डॉ. बी. एन. पुरंदरे यांचीही अशीच एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रास भूषणावह अशी ही कामगिरी होय. तरीही शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय. ती वेळ येण्यापूर्वीचे शिक्षण घरोघर पोहोचले काय, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर आपल्याच राज्यात मिळाले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पण त्याआधी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या शेकडा ८ होत्या. ही संख्या सर्वच स्त्रीरोगांची आहे, केवळ या स्नायूंच्या दुर्बलतेची नव्हे. परंतु मौन किती खोल आहे, ते तिच्यावरून कळते. शहरातील सुशिक्षित कुटुंबे या मौनापासून मुक्त आहेत, असे मानण्यास आम्हांस तरी आधार दिसत नाही.

मौन सुटले तरी काम संपत नाही. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना हा व्यायाम थोडक्यात तोंडी सांगण्यात आला. त्यांपैकी निम्म्याच स्त्रियांना तो नीट साधला, आणि शेकडा २५ जणींचा प्रयत्न तर अपाय होण्याजोगा, म्हणजे खाली जोर देणारा होता. केगेल यांनी जे सांगितले होते, तेच त्यांच्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी पुन्हा दिसून आले. फ्रान्समध्ये प्रसूतीनंतर प्रशिक्षित सुईण किंवा व्यायामोपचारक यांच्याकडून हे शिक्षण देण्याची व त्याचा खर्च सामाजिक विम्यातून करण्याची पद्धत आहे. ती या दृष्टीने मननीय होय.

व्यायामाचे स्वरूप साधे आहे. गुडघे मुडपून उताणे निजावे, आणि लघवी व वारा दोन्ही एकदम अडवावेत तसे तळाचे स्नायू आत व वर ओढावेत. काही क्षण धरून तितकाच वेळ सैल सोडावेत. श्वास कोंडू नये. पोट, मांड्या व नितंब आवळू नयेत. एका वेळी ८ ते १० आवृत्त्या, दिवसातून ३ वेळा, असा क्रम निदान ३ महिने चालवावा लागतो. प्रत्यक्ष लघवी करताना ती अडविण्याची सवय मात्र लावू नये. प्रसूतीत मोठी जखम झाली असल्यास, वेदना होत असल्यास वा अंग बाहेर येत असल्यास डॉक्टरांचा सल्ला प्रथम घ्यावा.

डिंकाचे लाडू कसे वळावेत हे सासूने सुनेला हात धरून शिकविले, म्हणून ते टिकले. या व्यायामाचेही तसेच आहे. आमच्या महिला-मेळाव्यांतून जाणत्या स्त्री-डॉक्टरांना अगत्याने पाचारण करावे, सासू आणि सून यांनी एकत्र बसून ऐकावे, आणि ‘बायकांच्या जातीला हे चालायचेच’ हे वाक्य आपल्या घरांतून कायमचे हद्दपार करावे, एवढीच आमची विनंती आहे.