सांताक्रूझच्या राण्या हवाई दलात

८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दल कायद्याने अस्तित्वात आले. त्यानंतर बरोबर आठवड्याने, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढल्या वर्षी, १ एप्रिल १९३३ रोजी, हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली तीही त्याच द्रिघ रोडवर. चार वापिती विमाने, मोजके अधिकारी आणि एकोणीस हवाई सिपाई एवढाच तिचा संसार होता. देशाचे लढाऊ उड्डाण आणि देशाचे नागरी उड्डाण ही दोन घराणी अशी एका आठवड्याच्या अंतराने जन्मली. पुढे त्यांच्यात विमानांची आणि माणसांची देवघेव होत राहिली. ती बरीचशी जुहू आणि सांताक्रूझ या दोन ठिकाणी झाली.

हवाई दलाच्या विमानांचा इतिहास सांगताना आपण स्पिटफायर, व्हॅम्पायर, हंटर, नॅट, मिग, जग्वार, सुखोई अशी नावे घेतो. वंशावळीची ही मुख्य शाखा झाली आणि तिचा अभिमान योग्यच आहे. पण तिच्या शेजारी एक दुसरी शाखा वाढली. ती आधी प्रवासी वाहणाऱ्या आणि नंतर गणवेश चढवलेल्या विमानांची. तिचे मूळ अंधेरी-पार्ले-सांताक्रूझच्या पट्ट्यात आहे, आणि हे उपनगरात राहणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते.

जुहूपासून सुरुवात करू. १९२८ साली इथे विमानतळ झाला. जमीन सखल, खाजणाची. पावसाळ्यात तिचा चिखल होई आणि टाटांना आपला सगळा व्यवहार पुण्याला येरवड्याला हलवावा लागे. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर किनाऱ्यावर लक्ष ठेवायला हवाई दलाच्या राखीव तुकड्या उभारल्या गेल्या, तेव्हा मुंबईच्या तुकडीसाठी जुहूच निवडले गेले. इथले अनेक वैमानिक फ्लाइंग क्लबांत आणि विमान कंपन्यांत तयार झालेले होते. विमान तेच, वापिती. दोन पंखांचे, उघड्या बैठकीचे. मुळात काटकसर म्हणून डीएच-९ए या पहिल्या महायुद्धातल्या विमानाचे शिल्लक सुटे भाग कामी यावेत अशा बेताने ते आखलेले होते. मुंबईसमोरच्या समुद्रावर भारतीय हवाई दलाची पहिली पहारेदारी या जुन्या विमानांनी, उपनगरातल्या एका दलदलीच्या मैदानावरून केली. समुद्रावरची ही टेहळणी लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी कथा तिच्याभोवतीच फिरते.

युद्धकाळात सांताक्रूझला रॉयल एअर फोर्सचा मोठा तळ होता. युद्ध संपले आणि अमेरिकनांनी मागे सोडलेली शेकडो डाकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्यात खुर्च्या बसल्या आणि सैनिक वाहणारी डाकोटा प्रवासी वाहू लागली. देवघेवीचा हा पहिला फेरा, गणवेश उतरवण्याचा. उलटा फेरा लगेचच आला. २७ ऑक्टोबर १९४७ पासून काश्मीरला फौज पोहोचवायची होती, हवाई दलाची डाकोटा कमी पडत होती, आणि खासगी कंपन्यांची डाकोटा वैमानिकांसह मदतीला धावली.

हवाई दलाला मग बॉम्बफेकी विमाने हवी होती. पैसा नव्हता. कानपूरला चकेरीच्या तळावर लिबरेटर विमाने पडून होती, निघून जाणाऱ्या ब्रिटिशांनी मुद्दाम मोडतोड करून टाकलेली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी ती उडण्याजोगी केली, कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगलोरला उडवत नेली, आणि तिथे ती नीट बांधली गेली. चाळीसच्या वर लिबरेटर अशी हाती आली. १९५१ साली पुण्यात सहा नंबरची स्क्वाड्रन पुन्हा उभी राहिली ती याच विमानांवर. ही स्क्वाड्रन मूळची १९४२ ची, तिचे प्रमुख मेहर सिंग यांनी घडवलेली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चौदाव्या सेनेचे डोळे म्हणून तिने नाव कमावले होते. आता तिच्याकडे अरबी समुद्र आला. पण लिबरेटरचे वय होत चालले होते, आणि समुद्रावर तासन्‌तास राहू शकेल असे दुसरे विमान हवाई दलाकडे नव्हते.

ते सांताक्रूझला होते.

८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. ते लॉकहीड कंपनीचे कॉन्स्टेलेशन होते. त्याच मालिकेत एक ‘मराठा प्रिन्सेस’ही होती. १९५४ पासून या विमानाची मोठी बहीण सुपर कॉन्स्टेलेशन, एल-१०४९, येऊ लागली. राजकन्या मागे पडल्या आणि राण्या आल्या. प्रत्येकीचे नाव ‘राणी ऑफ’ने सुरू होई, आणि ‘राणी ऑफ झाशी’ त्यांतलीच. तांब्यांच्या मनूचे नाव घेऊन एक विमान सांताक्रूझवरून लंडनला जात होते, हे आज आठवले तरी बरे वाटते.

हे विमान ज्यांनी पाहिले ते त्याला विसरत नाहीत. अंग सरळ नळीसारखे नाही. नाकाशी खाली झुकलेले, पाठीत किंचित कमानदार, शेपटीकडे पुन्हा वर गेलेले. शेपटीला उभे तीन पंख, कारण एकच उंच पंख ठेवला असता तर त्या काळच्या हँगरमध्ये ते शिरले नसते. लांबी साडेचौतीस मीटर, चार इंजिने, प्रत्येकात दोन रांगांत मिळून अठरा सिलिंडर, प्रत्येकाची ताकद सव्वातीन हजार अश्वशक्तीच्या घरात. या इंजिनाची खुबी अशी की बाहेर फुकट जाणारा गरम धूर तीन छोट्या टर्बाइनांवर सोडला जाई, आणि त्या फिरल्या की त्यांचे बळ पुन्हा मुख्य दांड्याला मिळे. त्याच इंधनात चार-पाचशे अश्वशक्ती जास्त निघे. लांब पल्ला त्यातूनच आला. पण त्याची किंमतही मोजावी लागे. ही इंजिने नाजूक होती, तापत, वाटेत बंद पडत. जगभरचे वैमानिक या विमानाला तीन इंजिनांचे सर्वोत्तम विमान म्हणत, इतक्या वेळा चौथे इंजिन बंद ठेवून ते उतरले होते.

म्हणून या विमानाचे खरे श्रेय मी वैमानिकांइतकेच जमिनीवरच्या कारागिरांना देतो. सांताक्रूझच्या हँगरमध्ये ही इंजिने उतरवली जात, खोलली जात, सिलिंडर तपासले जात, पुन्हा जोडली जात. कलिना, पार्ले, अंधेरी, जोगेश्वरी भागांतल्या कितीतरी घरांचा संसार त्या कामावर चालला. विमानाच्या नावाच्या पाट्या छायाचित्रांत दिसतात. इंजिनावरचे हात दिसत नाहीत.

एक राणी मात्र सांताक्रूझलाच संपली. १९ जुलै १९५९ रोजी, पावसाळी हवेत धड दिसत नसताना, ‘राणी ऑफ एरा’ उतरायला आली. उंची दाखवणाऱ्या यंत्रावर हवेचा जो दाब लावायला हवा होता तो न लावता दुसराच लावलेला होता. विमान धावपट्टी ओलांडून गेले आणि कायमचे निकामी झाले. आत ४६ माणसे होती. सगळी वाचली.

उरली नऊ. १९६० च्या फेब्रुवारीत पहिले बोइंग ७०७ आले आणि दोन वर्षांत एअर-इंडिया संपूर्ण जेट विमानांची कंपनी झाली. पंख्यांची राणी, जी काल दिमाखात लंडनला जाई, ती आज विकाऊ झाली. जगात इतरत्र अशी विमाने मालवाहूंना, भाडोत्री कंपन्यांना किंवा भंगारवाल्याला गेली. आपल्याकडे ती नऊच्या नऊ हवाई दलाने घेतली. सांताक्रूझहून ती पुण्याला लोहगावी सहा नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली.

हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. नवे सागरी टेहळणी विमान घ्यायला परकीय चलन नव्हते. हे विमान देशात होते, त्याचे सुटे भाग देशात होते, त्याची नाडी ओळखणारी माणसे देशात होती. आणि सागरी टेहळणीला नेमके जे लागते ते प्रवासी विमानाकडे आयतेच असते. खूप इंधन, खूप जागा, आणि कर्मचाऱ्यांना आळीपाळीने विसावता येईल असे पोट. जहाज शोधणे म्हणजे वेगाचे काम नव्हे, ते चिकाटीचे काम आहे. तासन्‌तास पाणी निरखायचे, टिपका दिसला की खाली उतरायचे, जहाज कोणाचे आणि कुठे निघाले ते टिपायचे, पुन्हा वर जाऊन पुढचा पट्टा धरायचा. ज्या विमानाने कैरोपर्यंत न थांबता जायची सवय लावून घेतली होती, त्याला हे जमणारच होते.

शिवाय कॉन्स्टेलेशनच्या रक्तात गणवेश पहिल्यापासून होता. १९३९ मध्ये हॉवर्ड ह्यूझ आणि त्यांच्या टीडब्ल्यूए कंपनीसाठी आखलेले हे विमान ९ जानेवारी १९४३ रोजी पहिल्यांदा उडाले तेव्हा अमेरिकेच्या सैन्याने ते सी-६९ म्हणून ताब्यात घेतले होते. नंतर अमेरिकेच्या नौदलाने आणि हवाई दलाने सुपर कॉन्स्टेलेशनच्या पाठीवर-पोटावर मोठमोठी रडारे बसवून पूर्वसूचना देणारी विमाने केली. आकाशातून दूरवर पाहणाऱ्या आजच्या विमानांचा तो एक पूर्वज.

लिबरेटर १९६८ च्या अखेरीस निवृत्त झाले. जगात त्या वेळी दुसरे कुठलेही हवाई दल ते वापरत नव्हते. त्यानंतर समुद्राचा भार राण्यांवर आला. १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रावर टेहळणी केली ती पुण्याच्या या सुपर कॉन्स्टेलेशननी. त्या युद्धाच्या आठवणींत कराचीवर गेलेल्या क्षेपणास्त्र बोटी येतात, लोंगेवालाचे हंटर येतात. समुद्रावर एकसुरी फेऱ्या घालणारे विमान येत नाही, कारण त्याने काही बुडवले नाही. पण समोरच्या पाण्यात कोण आहे हे ठाऊक असल्याशिवाय कुठलीही बोट निर्धास्त निघत नाही.

समुद्र पाहणारे विमान हवाई दलाचे असावे की नौदलाचे, हा वाद जुना होता. १९७६ मध्ये तो नौदलाच्या बाजूने मिटला. त्या नोव्हेंबरात गोव्यात नौदलाची ३१२ क्रमांकाची हवाई स्क्वाड्रन उभी राहिली ती पाच सुपर कॉन्स्टेलेशनवर. विमान कंपनी, हवाई दल आणि नौदल अशी तिन्ही घरे पाहून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या राण्या थांबल्या. ३१२ नंबर पुढे टुपोलेव्ह-१४२ वर गेला आणि आज तमिळनाडूत अरक्कोणमहून पी-८आय उडवतो. पी-८आय हे बोइंग ७३७ या प्रवासी विमानाच्या सांगाड्यावर बांधलेले आहे. पुण्याच्या सहा नंबरनेही समुद्र सोडला नाही. तिच्याकडे जहाजांवर मारा करणारी जग्वार आली.

एअर इंडियाकडून विमान घेण्याची रीत सुपर कॉन्स्टेलेशनबरोबर संपली नाही. काही बोइंग ७०७ नंतर सरकारच्या टेहळणीच्या कामाला लागली. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांसाठीची दोन बोइंग ७७७ सुरुवातीला थोडा काळ एअर इंडियाकडे होती आणि २०२० पासून हवाई दलाचे वैमानिक ती उडवतात. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने आकाशातून पूर्वसूचना देणाऱ्या सहा विमानांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. रडार आपल्या संरक्षण संशोधन संस्थेचे, आणि विमाने एअर इंडियाच्या ताफ्यातली एअरबस ए-३२१. साठ वर्षांपूर्वी जे गरजेतून सुचले ते आता विचारपूर्वक केले जात आहे. प्रवासी विमानाचा सांगाडा आणि त्यात आपली यंत्रे हा मार्ग आपल्यासारख्या देशाला परवडतो. तो आपण कोणाकडून उसना घेतलेला नाही, आपल्याच हँगरमध्ये शिकलेलो आहोत.

हवाई दलात गेलेल्या त्या नऊ राण्यांपैकी एक आजही पाहता येते. गोव्यात दाबोळीजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथे उघड्यावर तीन शेपटीपंखांचे ते विमान उभे आहे, अंगावर नौदलाचा क्रमांक घेऊन. त्याच्या कुळाची पहिली नोंद मात्र सांताक्रूझची आहे.

विलेपार्ले, अंधेरी, कलिना, घाटकोपर इथल्या घरांतून अजूनही त्या काळच्या इंजिनिअरांची, मेकॅनिकांची, वैमानिकांची लॉगबुके, ओळखपत्रे आणि हँगरमधली छायाचित्रे असतील. ती रद्दीत घालू नका. मागे तारीख आणि माणसांची नावे लिहा, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून विमानाचे नाव विचारून घ्या, आणि त्यांची प्रत जवळच्या ग्रंथालयाला किंवा गोव्याच्या त्या संग्रहालयाला द्या. राण्यांची नावे नोंदलेली आहेत. त्यांना उडते ठेवणाऱ्यांची नावे अजून नोंदायची आहेत.