वर्णक्रमाचा परदेशवास

परप्रांती नव्या भाषेचे भय आम्हां नोकरदारांना परिचित आहे. १९९७ साली टोयोटा-किर्लोस्कर उद्योग स्थापन झाला, बेंगळुरूनजीक बिडदीला त्याचा कारखाना उभा राहिला आणि कानडीपाठोपाठ जपानीही आमच्या दाराशी आली.

तिचे पहिले पान मात्र परके नाही: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. प्राचीन जपानीत ‘ह’च्या जागी ‘प’ होता, म्हणून तो ‘म’च्या आधी बसला. इ. स. ७३६ मध्ये बोधिसेन हा भारतीय भिक्षू तेथे पोचला. पुढे जपानी बौद्ध पंडितांच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून हा क्रम रूढ झाला.

‘होन ओ योमिमासु’ म्हणजे ‘पुस्तक वाचतो’. ‘ओ’ हा कर्मामागून येणारा प्रत्यय, क्रियापद शेवटी. वाचतो-वाचते हा भेद तेवढा नाही. हे साम्य योगायोगाचे असेल. वर्णक्रमाचे नाते मात्र इतिहासाचे. आपला वर्णक्रम आपल्याआधी कित्येक शतके परमुलखी रुजू झाला होता.