हक्कसोडपत्र

१९५६चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. त्याने बाईच्या नावावरची मालमत्ता पूर्ण तिची झाली. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून वाटा मुलालाच. महाराष्ट्राने १९९४मध्ये तो मुलीलाही दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. मी तेव्हा सासरी, म्हणजे बाहेरच! ती अट २००५मध्ये केंद्राने काढली. वडील तेव्हा हयात असणंही गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं.

बाबा गेल्यावर भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं. "आपल्यात अपरिग्रह आहे ना, ताई?" बी.कॉम. असूनही मी न वाचता सही केली. जे कधी माझं म्हणून मोजलंच नाही, त्याचा त्याग कसला? आता त्याच घरात भाची हिस्सेदार आहे. तिला सांगितलंय, कागद आला की आधी माझ्याकडे आण.