सहा मिलिमीटरची चकती

कराड किंवा मिरजेच्या मोठ्या रुग्णालयाबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "रक्त कल्चरला पाठवलंय, रिपोर्ट यायचाय." त्या रिपोर्टात औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे बहुधा 'एस' किंवा 'आर'. एस म्हणजे औषध लागू पडेल. आर म्हणजे जंतू त्याला दाद देणार नाही. ही अक्षरं वर्षानुवर्षं दिली ती कागदाच्या चकतीने.

आजही ती तशीच बोलते. रक्तातला जंतू बाटलीत वाढला की तो सलाईनमध्ये कालवून ताटलीभर सारवतात. त्यावर ६ मिलिमीटरच्या, औषधात भिजवून वाळवलेल्या चकत्या ठेवतात. सकाळी ताटलीवर जंतूंची साय धरलेली असते. लागू पडणाऱ्या औषधाभोवती मात्र स्वच्छ गोल अंगण. ते पट्टीने मोजतात. मोठं अंगण म्हणजे सरस औषध, असा हिशोब नसतो. प्रत्येक औषधाची उत्तीर्ण व्हायची रेघ वेगळी.

ताटलीतला घट्ट थर आला स्वयंपाकघरातून. पूर्वी जंतू जिलेटिनवर वाढवत, पण ते उबेने वितळे. १८८१ मध्ये जर्मनीतल्या फॅनी हेस यांनी जंतू वाढवणाऱ्या आपल्या नवऱ्याला अगार सुचवलं. आपल्याकडे दुधात शिजवून वड्या पाडतात, तेच चायना ग्रास.

एकाच ताटलीवर औषधाची वेगवेगळ्या जंतूंशी तुलना करण्याची कल्पना अलेक्झांडर फ्लेमिंग यांची. १९२९ च्या पेनिसिलिनवरच्या निबंधात त्यांनी अगारमध्ये चर खणून त्यात बुरशीचा अर्क भरला आणि चराला काटकोनात वेगवेगळ्या जंतूंच्या रेघा ओढल्या. काही रेघा चरापासून दूरच थांबल्या, काही थेट कडेला भिडल्या. म्हणजे पेनिसिलिनच्या जन्मपत्रिकेतच लिहिलं होतं : हे सगळ्यांना लागू नाही.

१९४० च्या दशकात चराची जागा कागदाने घेतली. मग प्रत्येक प्रयोगशाळेची रीत निराळी, निकालही निराळे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या बॉवर, किर्बी आणि सहकाऱ्यांनी एकच शिस्त घालून दिली. आता पुष्कळ ठिकाणी यंत्र हे काम करतं, तरी चकती हटलेली नाही. कोलिस्टिनसारख्या औषधापुढे मात्र ती हरते. त्याचा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही. तिथे औषधाच्या चढत्या मात्रांत जंतू वाढवून पाहावा लागतो.

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभं केलं, तेव्हा रक्तात जंतू शिरला की वैद्याच्या हाती एकही प्रतिजैविक नव्हतं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली आणि पुढे पेनिसिलिन आपल्याच मातीत तयार होऊ लागलं. त्या साठ वर्षांत किती माणसं गेली असतील, हे आठवलं की यादीतल्या प्रत्येक 'आर'ने काळजात चर्र होतं. तेवढ्या औषधापुरते आपण पुन्हा १८९४ मध्ये उभे असतो.

म्हणून घरचं माणूस तापाने फणफणलेलं दाखल झालं, तर "स्ट्राँग औषध द्या" म्हणण्याआधी विचारावं : "कल्चरचं रक्त घेतलं का?" पहिल्या डोसाआधी ते घ्यायचं असतं. उपचार लगेच सुरू होतात. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला की डॉक्टर औषध बदलतात किंवा आटोपतं घेतात. जंतूला विचारून औषध देण्याची ही रीत आपल्या हातात आहे, तोवर ती मोडू नये.