एक अक्षर, अनेक अर्थ : ग्रीक ‘ईटा’ची कथा

नाशिकच्या पांडवलेण्यांपैकीं दहाव्या लेण्यांत उषवदाताचा एक शिलालेख आहे. सुमारें १९०० वर्षांपूर्वींच्या या लेखांत त्याच्या दानधर्माची लांबलचक यादी असून, लोकांना कांहीं नद्या फुकट उतरून जातां याव्यात म्हणून त्यानें नावा ठेवल्याचें तींत नमूद आहे. त्या नद्यांचीं नांवें अशीं : इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका. पारादा ही पार नदी, दमणा ही दमणगंगा. आणि दाहनुका ही डहाणूची नदी, असें संशोधक मानतात. याच लेखांत नानंगोल गांवच्या ३२,००० नारळींचें दान सांगितलें आहे. हें गांव म्हणजे डहाणूच्या उत्तरेचें नारगोळ असावें, असें पंडित भगवानलाल इंद्रजी यांचें मत होतें. तात्पर्य, डहाणूचा किनारा आणि त्याच्या पाठीमागचा सायवन-तलासरीकडचा डोंगराळ मुलूख हा टापू त्या काळींही राजदरबारीं अपरिचित नव्हता.

उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई. या नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर आज आपल्या विषयाचा नायक बसला आहे. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें या नाण्यांचा एक मोठा सांठा सांपडला. त्यांत १३,००० हून अधिक नाणीं होतीं. नाण्याच्या एका बाजूस राजाचा मुखवटा आणि त्याभोंवतीं ग्रीक अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींतील लेख. मौज अशी कीं, ग्रीक अक्षरांतील मजकूर ग्रीक भाषेंतला नाहींच. ‘राजा क्षहरात नहपान याचें’ एवढ्याच अर्थाचे प्राकृत शब्द तेथें ग्रीक लिपींत उतरविले आहेत. या मजकुरांत ‘नहपान’ नांवांतील ‘ह’ लिहिण्यासाठीं जें अक्षर योजलें आहे, त्याचा आकार दोन उभे दांडे आणि त्यांना मध्यें जोडणारी एक आडवी रेघ, असा आहे. ग्रीक लोक या अक्षराला ‘ईटा’ म्हणतात. आणि त्या काळच्या ग्रीकाला विचारलें असतें, तर हें अक्षर ‘ह’चें मुळींच नव्हे, तो एक दीर्घ स्वर आहे, असें त्यानें सांगितलें असतें!

मग नाण्याच्या ठशाचा कारागीर चुकला काय? याचें उत्तर देण्यापूर्वीं या अक्षराचें कुळ पाहिलें पाहिजे. भूमध्यसमुद्रावरील फिनिशियन व्यापाऱ्यांच्या लिपींत ‘हेथ’ नांवाचें एक अक्षर होतें आणि त्याचा उच्चार घशांतून काढलेल्या ‘ह’सारखा होता. ग्रीकांनीं ती लिपि उचलली तेव्हां प्रथम तोच उच्चार ठेवला. पण आशियाच्या किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांच्या बोलींतून ‘ह’ लुप्त झाला. अक्षराचें नांव ‘हेटा’चें ‘एटा’ झालें. आणि नांवाचा आरंभ ज्या ध्वनीनें होतो तोच अक्षराचा ध्वनि, या न्यायानें हें व्यंजन दीर्घ ‘ए’कार बनलें. इ. स. पूर्वीं ४०३ मध्यें अथेन्सनें आयोनियन वर्णमाला अधिकृत केली. अथेन्सच्याच क्रॅटिनस नांवाच्या नाटककारानें मेंढीचें ओरडणें याच अक्षरानें लिहिलें आहे. आपली मेंढीही ‘बें बें’ करीत असल्यामुळें जुन्या उच्चाराचा हा पुरावा आपल्याला चटकन् पटतो. पुढें ग्रीकांचा हा ‘ए’ बदलत बदलत ‘ई’ झाला आणि आजचा ग्रीक त्या मेंढीचें ओरडणें ‘वी वी’ असें वाचतो. मेंढी तीच, अक्षर तेंच. वाचणारा मात्र बदलला. रशियन लिपींतील ‘इ’ हें अक्षर याच ‘ईटा’चा वंशज आहे.

इकडे इटलींत वसलेल्या ग्रीकांनीं जुना ‘ह’ टाकला नव्हता. त्यांच्यापासून तो एट्रुस्कनांकडे व त्यांच्यामार्फत रोमकडे गेला. म्हणून लॅटिनमध्यें आणि तिच्यापासून आलेल्या इंग्रजीच्या लिपींत तेंच अक्षर आजही ‘ह’ आहे. एकाच घरच्या दोन भावांनीं दोन आडनांवें लावावींत, तसा हा प्रकार.

आतां नाण्याकडे वळूं. नहपानाच्या काळीं भडोच बंदरांतून रोमन साम्राज्याशीं मोठा व्यापार चाले. रोमन सोन्याचांदीचीं नाणीं तेथें फायद्यानें बदलून मिळत, आणि मिनँडरसारख्या जुन्या ग्रीक राजांचे द्रम्मही बाजारांत दिसत, असें ‘पेरिप्लस’ या खलाशांच्या मार्गदर्शक ग्रंथांत लिहिलेलें आहे. अर्थात् ग्रीक व लॅटिन अशीं दोन्ही वळणें कारागिरांच्या डोळ्यांसमोर होतीं. ग्रीक लिपींत ‘ह’ला स्वतंत्र अक्षर उरलें नव्हतें, राजाच्या नांवांत तर ‘ह’ होता. तेव्हां त्यांनीं आकार ग्रीक पंक्तींतला आणि उच्चार रोमन पद्धतीचा घेतला, असें अनुमान करणें सयुक्तिक दिसतें. यांत अज्ञान नाहीं. आपल्या भाषेची गरज ओळखून केलेली ती निवड आहे.

परंतु जें अक्षर थोडेच वाचतात, त्याला आयुष्य थोडें. गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचा पराभव केला आणि जोगळटेंभीच्या सांठ्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर आपला ठसा उमटविला. नहपानानंतरच्या क्षत्रपांनीं नाण्यावरील ग्रीक ओळ चालूं ठेवली खरी. पण पिढ्यानुपिढ्या ती बिघडत जाऊन शेवटीं मुखवट्याभोंवतींची निरर्थक नक्षी होऊन बसली. गुप्तसम्राट् दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या चांदीच्या नाण्यांवरही त्या नक्षीचे अवशेष दिसतात. अक्षराचा देह राहिला, प्राण गेला.

विद्येच्या क्षेत्रांत मात्र ‘ईटा’ला पुन्हां पुन्हां नवा जन्म मिळाला. ग्रीक अंकलेखनांत तें ८ ही संख्या दाखवी. १६०३ सालीं बायर या जर्मन गृहस्थानें नक्षत्रपटांतील ताऱ्यांना ग्रीक अक्षरें दिलीं. त्यांत आपल्या कृत्तिकांचा योगतारा आणि सप्तर्षींतला मरीचि हे दोघेही आपापल्या तारकासमूहांत ‘ईटा’ ठरले. इंजिनियर याच अक्षरानें यंत्राची कार्यक्षमता लिहितो, पदार्थविज्ञानवेत्ता द्रवाचा दाटपणा मोजतो. १९६१ मध्यें सांपडलेल्या एका सूक्ष्म कणालाही हेंच नांव मिळालें. गणितांत डेडेकिंड याच्या नांवानें ओळखलें जाणारें एक ‘ईटा’ फल आहे. त्याचा २४ वा घात विस्तारला म्हणजे श्रीनिवास रामानुजन् यांनीं १९१६ सालीं अभ्यासलेल्या प्रसिद्ध संख्या हातीं येतात. एका विद्यापीठाच्या चार दालनांत या अक्षराचे चार अर्थ असतात, आणि तरीही घोंटाळा होत नाहीं. कारण प्रत्येक लेखक आरंभींच बजावतो कीं, ‘येथें ईटा म्हणजे अमुक.’ अर्थ अक्षरांत नसतो. तो लिहिणारा आणि वाचणारा यांच्यांतील करारांत असतो.

हा करार उघड न होतां अक्षर चालूं लागलें, म्हणजे काय अनर्थ होतो, तें याच डहाणूच्या मुलखानें सोसलें आहे. लग्नासाठीं सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडें कर्ज घ्यावें, आणि त्यापायीं नवराबायकोनें त्याच्या दारीं वर्षानुवर्षें राबावें, ही ‘लग्नगड्या’ची चाल येथील वारली समाजाच्या मानेवर होती. हिशेबाचा कागद एकाच्या हातीं, आंगठा दुसऱ्याचा. त्या कागदावरचें अक्षर नहपानाच्या नाण्यावरील ग्रीक ओळीइतकेंच वारल्याला परकें. मात्र तें नुसती नक्षी नव्हतें, त्याच्या आयुष्याचा धनी होतें. मे १९४५ मध्यें तलासरीजवळ झरी येथें परिषद भरली आणि वारल्यांनीं वेठ व लग्नगडीची गुलामगिरी झुगारण्याचा निश्चय केला. कागदावर काय आहे, तें वाचून दाखवा, असें म्हणण्याचें बळ ज्यांना कोणीं दिलें नव्हतें, त्यांनीं तें एकत्र येऊन मिळविलें.

पांडवलेण्यांतील उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखांत ३,००० कार्षापणांची ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे व्याजानें ठेवल्याची नोंद आहे. हें सर्व नगराच्या निगमसभेंत ऐकविण्यांत आलें आणि मग दप्तरांतील फलकावर नोंदलें, असें त्या लेखाच्या शेवटीं स्पष्ट म्हटलें आहे. ज्याला ब्राह्मी वाचतां येत नव्हती त्याच्याही कानीं तो करार पडला. सासऱ्याच्या नाण्यावरचें ‘ईटा’ कांहीं पिढ्यांत मुकें झालें. जांवयाच्या लेखांतील शब्दांना मात्र आरंभींच श्रोते लाभले होते.